विश्लेषण : ‘व्हिसेरा राखून ठेवला’ म्हणजे काय? मृतदेहातले विष शोधणाऱ्या मॅथ्यू ऑर्फिलांची कहाणी

संशयास्पद मृत्यूच्या बातमीत शेवटी एक ओळ हमखास असते. मृत्यूचे नेमके कारण स्पष्ट झाले नसून व्हिसेरा राखून ठेवला आहे, अशी ती ओळ. शवविच्छेदनाच्या वेळी जठर, आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे आणि रक्त बरण्यांमध्ये भरून, सीलबंद करून न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवले जाते. मुंबईत हे नमुने कलिनाच्या प्रयोगशाळेत जातात. अहवाल येईपर्यंत तपास थांबतो, नातेवाईक थांबतात, कधी खटलाही थांबतो. पण विष तोंडावाटे पोटात जात असताना यकृत कशासाठी तपासायचे? बरणी सीलबंदच का हवी? प्रयोगशाळेच्या अहवालावर न्यायालयाने किती विसंबायचे? हे प्रश्न पहिल्यांदा गंभीरपणे विचारले गेले ते दोनशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमध्ये, आणि त्यांची उत्तरे शोधण्यात मॅथ्यू ऑर्फिला या डॉक्टर-रसायनशास्त्रज्ञाचे आयुष्य गेले. त्यांना आधुनिक विषशास्त्राचे जनक मानले जाते. त्यांच्या हातून चुकाही झाल्या आणि त्या चुकांमधूनही हे शास्त्र पुढे गेले.

ऑर्फिला कोण होते?

भूमध्य समुद्रातील मिनोर्का हे स्पेनचे छोटे बेट. तिथल्या माहोन या बंदराच्या गावात २४ एप्रिल १७८७ रोजी ऑर्फिला यांचा जन्म झाला. वडील व्यापारी होते. मुलाने जहाजावर जावे, अशी घरची अपेक्षा होती आणि पंधराव्या वर्षी त्यांनी समुद्रप्रवास केलाही. पण मन रमले नाही. वैद्यकीय शिक्षणासाठी ते आधी व्हॅलेन्सियाला आणि नंतर बार्सिलोनाला गेले. तिथे त्यांची हुशारी पाहून बार्सिलोनाच्या व्यापारी मंडळाने रसायनशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. शिकून परत यायचे आणि बार्सिलोनात शिकवायचे, असे ठरले होते.

१८०७ मध्ये ते पॅरिसला पोहोचले. फूर्क्रवा, व्होकलँ यांच्यासारखे नामवंत रसायनशास्त्रज्ञ तेव्हा तिथे शिकवत होते. पण वर्षभरातच नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये घुसल्या आणि दोन्ही देशांत युद्ध पेटले. शिष्यवृत्ती बंद पडली. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पॅरिसमध्ये राहणेही अवघड झाले. अशा वेळी व्होकलँ यांनी आपल्या या विद्यार्थ्याची पाठराखण केली. १८११ मध्ये ऑर्फिला यांना वैद्यकीय पदवी मिळाली. पोटापाण्यासाठी त्यांनी रसायनशास्त्राचे खासगी वर्ग सुरू केले. हे वर्ग लवकरच गाजले.

तेव्हा विषप्रयोग पकडणे इतके अवघड का होते?

त्या काळी खुनासाठी सर्वाधिक वापरले जाणारे विष म्हणजे सोमल, म्हणजेच पांढरे आर्सेनिक. उंदीर मारण्यासाठी ते औषधविक्रेत्याकडे सहज आणि स्वस्तात मिळे. पांढरी पूड, वास नाही, चव जवळपास नाही. जेवणात किंवा दुधात मिसळले तर कळत नसे. उलट्या, जुलाब, पोटात मुरडा ही लक्षणे पटकीसारख्या आजारातही दिसत. त्यामुळे डॉक्टरही फसत. इस्टेटीसाठी घरातल्या म्हाताऱ्यांना मारायला ते इतके वापरले गेले, की फ्रान्समध्ये त्याला ‘वारसाहक्काची पूड’ असे नाव पडले होते.

विष ओळखण्याच्या काही पद्धती होत्या. संशयास्पद पूड जळत्या कोळशावर टाकली आणि लसणासारखा वास आला, तर ते आर्सेनिक समजत. काही द्रावणे मिसळल्यावर ठरावीक रंगाचा साका खाली बसतो का, हेही पाहत. पण या चाचण्या शुद्ध विषावर होत. मृताच्या पोटात शुद्ध विष नसते. तिथे अन्न, पित्त, रक्त, औषधे असे सगळे कालवलेले असते. बाटलीत सापडलेली पूड ओळखता येई. ती माणसाच्या पोटात गेली होती का, हे मात्र सिद्ध करता येत नसे.

कॉफीच्या पेल्यात काय घडले?

१८१३ मध्ये ऑर्फिला विद्यार्थ्यांना आर्सेनिक ओळखण्याची चाचणी शिकवत होते. विष कोणत्याही द्रवात असले तरी चुन्याच्या निवळीमुळे पांढरा साका मिळतो, असे त्यांनी सांगितले. समोर कॉफी होती. तिच्यात त्यांनी आर्सेनिक मिसळले आणि प्रयोग करून दाखवला. साका पांढरा आला नाही. तो करडा-जांभळट दिसत होता.

भर वर्गात प्रयोग फसला. पण ऑर्फिला यांच्या लक्षात आले, की हीच चूक न्यायालयातही होत असणार. मग त्यांनी वाइन, चहा, रस्सा, पित्त, रक्त अशा पदार्थांत विषे मिसळून एकेक चाचणी तपासायला घेतली. पुस्तकांत छापलेल्या अनेक चाचण्या सेंद्रिय पदार्थांसमोर निकामी ठरत होत्या. रंग बदलत, साका येत नसे, किंवा विष नसतानाही आल्यासारखा वाटे. याचा अर्थ उघड होता. तोवर अशा चाचण्यांच्या आधारे काही निरपराध दोषी ठरले असण्याची आणि काही खुनी सुटले असण्याची शक्यता होती.

या विषयावर सुसंगत शास्त्रच अस्तित्वात नव्हते. ते उभे करायचे त्यांनी ठरवले. १८१४-१५ मध्ये विषांवरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. खनिज, वनस्पती आणि प्राणी यांच्यापासून मिळणाऱ्या विषांची त्यात मांडणी होती. प्रत्येक विष ओळखायचे कसे, शरीरात ते काय करते, मृत्यूनंतर अवयवांत कोणते बदल दिसतात आणि उतारा काय, हे सर्व एका चौकटीत आले. रसकापूर हे पाऱ्याचे विष पोटात गेल्यास अंड्याचा पांढरा बलक द्यावा, ही त्यांनी सुचवलेली उपाययोजना दीर्घकाळ वापरात राहिली. ग्रंथ लिहिणाऱ्याचे वय तेव्हा जेमतेम सत्तावीस होते.

या ग्रंथामागे कुत्र्यांवरील असंख्य प्रयोग होते. कुत्र्याला विष द्यायचे, उलटी होऊन ते बाहेर पडू नये म्हणून अन्ननलिका बांधायची आणि मृत्यूनंतर अवयव तपासायचे, अशी पद्धत होती. आज असे प्रयोग कोणतीही नैतिक समिती मान्य करणार नाही. त्या काळीही त्यावर टीका झाली. अन्ननलिका बांधल्यामुळे दिसणारी लक्षणे विषाची की शस्त्रक्रियेची, असा शास्त्रीय आक्षेपही घेतला गेला.

नव्या विषाने कोणते आव्हान उभे केले?

ग्रंथामुळे ऑर्फिला यांचे नाव युरोपभर झाले. १८१५ मध्ये त्यांनी शिल्पकार लेस्यूर यांच्या कन्येशी विवाह केला. ते स्वतः उत्तम गात. त्यांच्या घरच्या संगीताच्या बैठकांना पॅरिसमधली प्रतिष्ठित मंडळी येत. राजदरबारात डॉक्टर म्हणून त्यांना स्थान मिळाले. पुढे त्यांनी फ्रेंच नागरिकत्व घेतले. १८१९ मध्ये ते पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत न्यायवैद्यकाचे आणि १८२३ मध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्याच १८२३ मध्ये पॅरिसमध्ये एक खटला गाजला. एदम कास्तँ या तरुण डॉक्टरवर दोन श्रीमंत भावांना संपत्तीसाठी मारल्याचा आरोप होता. एक भाऊ १८२२ मध्ये, तर दुसरा १८२३ मध्ये मरण पावला होता. विष म्हणून मॉर्फिनचा संशय होता. अफूतून हे औषध वेगळे काढण्याचा शोध जर्मन औषधनिर्माता सेर्ट्युर्नर याने लावून फार वर्षे झाली नव्हती. कास्तँने ते विकत घेतल्याचा पुरावा होता. मृतदेहात मात्र मॉर्फिन दाखवता आले नाही. परिस्थितीजन्य पुराव्यावर त्याला दोषी ठरवले गेले आणि डिसेंबर १८२३ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

या खटल्याने एक भीती निर्माण केली. आर्सेनिक हा धातुसदृश पदार्थ आहे. अवयव जाळले तरी तो मागे उरतो. मॉर्फिन, निकोटीन, स्ट्रिक्निन ही वनस्पतींपासून मिळणारी अल्कलॉइडे मात्र अवयव जाळले की त्यांच्यासोबत नष्ट होतात. औषधांचे नवे जग उघडत होते आणि त्यासोबत शोधता न येणाऱ्या विषांचेही. हा प्रश्न सुटायला आणखी सत्तावीस वर्षे लागणार होती.

मार्श चाचणीने काय बदलले?

आर्सेनिकच्या बाबतीत मोठी झेप इंग्लंडमध्ये घेतली गेली. जेम्स मार्श हे वुलिचच्या शस्त्रागारात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ होते. १८३३ मध्ये एका नातवावर आजोबांना कॉफीतून आर्सेनिक दिल्याचा खटला चालला. मार्श यांनी जुन्या पद्धतीने पिवळा साका मिळवला. पण ज्युरींसमोर दाखवेपर्यंत तो खराब झाला होता. आरोपी सुटला आणि नंतर त्याने गुन्हा कबूल केला. या अपयशाने मार्श अस्वस्थ झाले आणि नवी पद्धत शोधू लागले. १८३६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली.

पद्धत अशी होती. काचेच्या भांड्यात जस्त आणि सल्फ्युरिक आम्ल एकत्र केले की हायड्रोजन वायू निघतो. त्यात तपासायचा नमुना टाकला आणि नमुन्यात आर्सेनिक असले, तर हायड्रोजनशी त्याचा संयोग होऊन आर्सिन हा वायू तयार होतो. हा वायू नळीतून जाताना नळी तापवली की आर्सेनिक सुटे होते आणि काचेवर चकचकीत काळसर थर बसतो. त्याला ‘आर्सेनिकचा आरसा’ म्हणतात. मिलिग्रॅमच्या काही शतांश भागाइतके आर्सेनिकही त्यातून दिसू शके.

पण हीच संवेदनशीलता धोक्याचीही होती. चाचणीसाठी वापरलेल्या जस्तात किंवा आम्लात आर्सेनिकची भेसळ असली, तर मृतदेहात विष नसतानाही आरसा दिसणार. अँटिमनी या दुसऱ्या मूलद्रव्यामुळेही जवळपास तसाच थर बसतो आणि त्या काळी अँटिमनी औषध म्हणून सर्रास दिले जाई. त्यामुळे आधी केवळ जस्त आणि आम्ल घेऊन, नमुना न टाकता चाचणी करून पाहायची, ही शिस्त आवश्यक ठरली. ऑर्फिला यांनी या काळजीवर भर दिला. आजही प्रत्येक प्रयोगशाळेत नमुन्यासोबत अशी ‘कोरी’ चाचणी घेतली जाते.

यकृत का तपासायचे?

१८३९ च्या सुमारास ऑर्फिला यांनी केलेले काम कदाचित त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. तोवर विष शोधायचे म्हणजे जठर आणि आतडी पाहायची, अशीच समजूत होती. रुग्णाला भरपूर उलट्या-जुलाब होऊन पोट रिकामे झाले असेल, तर हाती काही लागत नसे.

ऑर्फिला यांनी प्राण्यांना आर्सेनिक देऊन यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, हृदय अशा अवयवांची स्वतंत्र तपासणी केली. पोटीची घाण आत मिसळणार नाही याची काळजी घेतली. अवयव रसायनांनी जाळून सेंद्रिय भाग नष्ट केला आणि उरलेल्या अंशावर मार्श चाचणी केली. आर्सेनिक सापडले. विष आतड्यातून रक्तात शोषले जाते आणि रक्तावाटे सर्व शरीरभर जाते, हे आता दाखवता येऊ लागले. आतड्यातून निघालेले रक्त आधी यकृतात जात असल्याने यकृतात ते हमखास शोधावे, हा आजच्या व्हिसेरा तपासणीचा पाया इथे आहे.

याला कायद्याच्या दृष्टीनेही अर्थ होता. जठरात विष सापडले, तर ते मृत्यूनंतर कुणीतरी टाकले असा बचाव करता येतो. यकृतात आणि मूत्रपिंडात सापडले, तर ते जिवंतपणी शरीरात भिनले होते असे म्हणायला बळ मिळते.

पुरलेल्या मृतदेहांचाही प्रश्न होता. स्मशानातल्या मातीतच आर्सेनिक असेल तर? ऑर्फिला यांनी मातीचे नमुने तपासले, माती आणि मृतदेह यांच्यात विषाची देवाणघेवाण होते का ते पाहिले. उकरून काढलेल्या प्रेतासोबत आसपासची मातीही प्रयोगशाळेत पाठवण्याची पद्धत यातून रूढ झाली.

लाफार्ज खटल्यात काय घडले?

१८४० मध्ये हे सगळे ज्ञान एका खटल्यात पणाला लागले. पॅरिसमध्ये वाढलेल्या मारी कापेल या तरुणीचा विवाह १८३९ मध्ये शार्ल लाफार्ज या लोखंड कारखानदाराशी झाला होता. स्थळ मध्यस्थामार्फत आले होते. कोरेझ प्रांतातील ल ग्लांदिए येथे आलिशान वाडा असल्याचे सांगितले गेले. प्रत्यक्षात तो जुन्या मठाचा पडका, उंदरांनी भरलेला वाडा होता आणि नवरा कर्जबाजारी. डिसेंबरमध्ये शार्ल कामासाठी पॅरिसला गेला असता मारीने त्याला घरून केक पाठवला. तो खाऊन तो आजारी पडला. घरी परतल्यावर प्रकृती आणखी बिघडली आणि १४ जानेवारी १८४० रोजी त्याचा मृत्यू झाला. मारीने उंदरांसाठी म्हणून आर्सेनिक विकत घेतले होते. ती खाण्या-पिण्यात पांढरी पूड मिसळत असल्याचा संशय घरच्यांनी घेतला.

स्थानिक डॉक्टरांनी जुन्या पद्धतीने तपासणी केली. त्यात काचेची नळी फुटली, तरीही विष सापडल्याचा निष्कर्ष त्यांनी दिला. सप्टेंबरमध्ये त्यूल शहरात खटला सुरू झाला. बचाव पक्षाचे वकील पाये यांनी ऑर्फिला यांचेच मत मागवले. अशी तपासणी ग्राह्य धरता येणार नाही, असे त्यांनी कळवले. बचाव पक्षाला मोठा आधार मिळाला.

न्यायालयाने मार्श चाचणी करण्याचा आदेश दिला. ज्या औषधनिर्मात्यांवर ते काम सोपवले, त्यांना या चाचणीचा फारसा अनुभव नव्हता. जठरात आर्सेनिक नाही, असे त्यांनी सांगितले. मग मृतदेह उकरून काढून पुन्हा तपासणी झाली. पुन्हा नाही. न्यायालयात मारीच्या समर्थकांनी जल्लोष केला. मात्र घरातून जप्त केलेल्या पेयात आणि पदार्थांत मोठ्या प्रमाणात आर्सेनिक आढळले.

म्हणजे अन्नात विष, पण शरीरात नाही. हा पेच सोडवण्यासाठी पॅरिसहून ऑर्फिला यांना बोलावण्यात आले. त्यांच्याच मताचा आधार घेणाऱ्या बचाव पक्षाला आता त्यांच्या येण्याला विरोध करता येईना. ते सहकाऱ्यांसह त्यूलला पोहोचले. न्यायालयाच्या इमारतीतच, आधीच्या सर्व तपासनीसांच्या देखत प्रयोग झाले. १४ सप्टेंबर रोजी त्यांनी निष्कर्ष सांगितले. मृतदेहात आर्सेनिक आहे. ते तपासणीसाठी वापरलेल्या रसायनांतून आलेले नाही. ते कबरीच्या मातीतून आलेले नाही. आणि ते मानवी शरीरात मुळात असू शकणारे आर्सेनिकही नाही. आधीच्या तज्ज्ञांना ते का सापडले नाही, याचे कारण चाचणी नीट हाताळली गेली नव्हती, हे होते.

१९ सप्टेंबरला मारी दोषी ठरली. सक्तमजुरीसह जन्मठेप झाली. नंतर राजा लुई फिलिप यांनी सक्तमजुरी माफ केली. तुरुंगात तिने आठवणी लिहिल्या, त्या खूप वाचल्या गेल्या. क्षयाने खंगलेल्या अवस्थेत १८५२ मध्ये तिची सुटका झाली आणि त्याच वर्षी तिचा मृत्यू झाला. शेवटपर्यंत तिने गुन्हा नाकारला.

या निकालावर वाद का झाला?

बचाव पक्षाने फ्रान्स्वा व्हेंसाँ रास्पाय या शास्त्रज्ञालाही बोलावले होते. ते त्यूलला पोहोचले तेव्हा निकाल लागून गेला होता. रास्पाय कट्टर प्रजासत्ताकवादी, तर ऑर्फिला राजसत्तेच्या जवळचे. त्यामुळे वादाला राजकीय धारही होती. पण त्यांचा आक्षेप शास्त्रीय होता. आढळलेले आर्सेनिक अत्यंत सूक्ष्म आहे, आर्सेनिक निसर्गात सर्वत्र असते आणि ऑर्फिला यांनी वापरलेल्या जस्तातही ते असू शकते, असे ते म्हणत होते. इतक्या सूक्ष्म प्रमाणावरून एका बाईचे आयुष्य ठरवायचे का, हा त्यांचा मुद्दा होता. फ्रान्समध्ये तट पडले. मारी दोषी होती की नव्हती, यावर नंतरही लिहिले गेले.

ऑर्फिला यांची स्वतःची एक चूक याच काळात उघडी पडली. निरोगी माणसाच्या हाडांतही मुळात आर्सेनिक असते, असे कुएर्ब यांच्यासोबतच्या कामावरून त्यांनी जाहीर केले होते. ते खरे असते, तर प्रत्येक विषप्रयोगाच्या खटल्यात आरोपीला हा बचाव मिळाला असता. दांजे आणि फ्लांदँ या संशोधकांनी त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. अवयव पूर्ण जळाले नाहीत, तर आर्सेनिक नसतानाही आर्सेनिकसारखे डाग पडू शकतात, हे त्यांनी दाखवले. हा प्रश्न विज्ञान अकादमीपुढे गेला. १८४१ मधील तपासणीत हाडांतले आर्सेनिक आढळले नाही आणि ऑर्फिला यांना आपला दावा सोडावा लागला.

गंमत अशी, की आजची यंत्रे इतकी संवेदनशील आहेत, की पाणी आणि अन्नातून आलेले आर्सेनिकचे अंश जवळपास प्रत्येकाच्या शरीरात दिसतात. म्हणूनच आजचा अहवाल विष ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर थांबू शकत नाही. किती आहे, हे सांगावे लागते.

वनस्पतिज विषांचा प्रश्न कसा सुटला?

नोव्हेंबर १८५० मध्ये बेल्जियममधील काउंट बोकार्मे याने आपल्या मेहुण्याला स्वतःच्या वाड्यात तंबाखूतील निकोटीन पाजून मारले. निकोटीन त्याने घरीच तयार केले होते. ब्रसेल्सचे रसायनशास्त्रज्ञ झाँ सर्व्हे स्टास यांच्याकडे अवयव आले. जाळून विष सापडणार नव्हते. स्टास यांनी अवयव आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये मुरवले, गाळले, मग द्रावण अल्कधर्मी करून ईथरमध्ये विष ओढून घेतले. ईथर उडून गेल्यावर निकोटीन उरले. बोकार्मेला १८५१ च्या जुलैमध्ये देहदंड झाला.

ऑर्फिला यांनीही १८५१ मध्ये निकोटीन शोधण्यावर संशोधन प्रसिद्ध केले. श्रेय कुणाचे, यावरून स्टास आणि त्यांच्यात वाद झाला. इतिहासाने ते स्टास यांना दिले. पुढे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो यांनी या पद्धतीत सुधारणा केली. ‘स्टास-ऑटो’ या नावाने ती आजही न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते. कास्तँ खटल्यात न सापडलेले मॉर्फिन आता मृतदेहातून वेगळे काढता येणार होते.

अखेरची वर्षे कशी गेली?

१८३१ ते १८४८ ऑर्फिला पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेचे अधिष्ठाता होते. विच्छेदनाच्या नव्या खोल्या, रुग्णालये, वनस्पती उद्यान, द्युपुइत्राँ यांच्या नावाचे रोगनिदान संग्रहालय आणि शरीररचनेचे संग्रहालय त्यांच्या काळात उभे राहिले. कारभार शिस्तीचा होता, पण एकछत्री. त्यामुळे शत्रूही बरेच झाले.

फेब्रुवारी १८४८ च्या क्रांतीत राजसत्ता कोसळली आणि त्यांचे पद गेले. त्यांच्या आर्थिक व्यवहारांची चौकशीही लावण्यात आली. हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. तरी शिकवणे आणि संशोधन त्यांनी सोडले नाही. १८५१ मध्ये वैद्यक अकादमीचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १२ मार्च १८५३ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. माँपार्नास दफनभूमीत त्यांची कबर आहे.

आजच्या तपासणीत त्यांचे काय उरले आहे?

मार्शची नळी आता वापरात नाही. धातू शोधण्यासाठी आता वर्णपटावर आधारित यंत्रे आहेत. औषधे, अमली पदार्थ आणि कीटकनाशके शोधण्यासाठी नमुन्यातील घटक आधी एकमेकांपासून वेगळे केले जातात आणि मग प्रत्येक रेणूचे वस्तुमान मोजून त्याची ओळख पटवली जाते. भारतात विषबाधेच्या प्रकरणांत सोमलाची जागा कीटकनाशकांनी घेतली आहे.

अडचणी मात्र ऑर्फिला यांना ओळखीच्या वाटाव्यात अशाच आहेत. मृत्यूनंतर शरीर स्थिर राहत नाही. काही औषधे यकृत, फुप्फुसे अशा अवयवांतून सुटून हृदयातील रक्तात उतरतात आणि तिथले प्रमाण जिवंतपणी होते त्यापेक्षा जास्त दिसते. त्यामुळे रक्त शक्यतो मांडीच्या शिरेतून घ्यावे, असे सांगितले जाते. मृतदेह कुजू लागला, की जंतूंमुळे शरीरातच अल्कोहोल तयार होते. माणूस दारू प्यायला नसतानाही अहवालात ते येऊ शकते. अशा वेळी डोळ्यातील द्रवाचा नमुना उपयोगी पडतो, कारण तो उशिरा कुजतो. हेरॉइनचे शरीरात झपाट्याने मॉर्फिनमध्ये रूपांतर होते, म्हणून तपासनीस मूळ पदार्थासोबत त्याचे अवशेषही शोधतो.

नमुना कुणी घेतला, बरणीत काय घातले, सील कुणी लावले, किती दिवसांनी उघडले, याची नोंद त्यामुळेच महत्त्वाची असते. व्हिसेरा साधारणपणे मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. त्या द्रावणाचा वेगळा नमुनाही पाठवावा लागतो, कारण विष द्रावणातूनच आले असे उद्या कुणी म्हणू शकते. त्यूलच्या न्यायालयात ऑर्फिला यांना आपल्या रसायनांबद्दल नेमका हाच खुलासा करावा लागला होता.

अहवालाची मर्यादाही त्या खटल्यापासून तीच आहे. शरीरात कोणते विष होते आणि किती होते, हे प्रयोगशाळा सांगते. ते कुणी दिले, चुकून घेतले की जाणूनबुजून, हे सांगण्याचे साधन तिच्याकडे नाही. लाफार्जच्या घरात आर्सेनिक कुणी मिसळले, याचे उत्तर ऑर्फिला यांच्या काचेच्या नळीत नव्हते. ते शोधण्याचे काम तेव्हाही तपास यंत्रणेचे आणि न्यायालयाचे होते.